बीटल १९६१, सोलेक्स २८ पिक्ट कार्बोरेटर: थ्रॉटलची लिंकेज जोडताना पार्ट उरतायत आणि रेस खाली येत नाही

फोंडेकर६१:

नमस्कार मंडळी. गाडी काकांची, फोक्सवॅगन बीटल, १९६१ ची, मुक्तीच्या आधी गोव्यात आलेली. ११९२ सीसीचं ओरिजिनल इंजिन, ६ व्होल्टचं वायरिंग अजून तसंच आहे. काकांनी ती नव्वदीपर्यंत वापरली, नंतर एका गाराजात रिस्टोरेशनला दिली, तिथे इंजिन खोललं आणि पुढे काम थांबलं ते थांबलंच. आता गाडी घरी आणलीय आणि आमचा एक ओळखीचा मेस्त आणि मी मिळून जोडतोय. इंजिन बसलं, ब्रेक झाले, पेट्रोल लाइन नवीन टाकली. अडकलंय ते कार्बोरेटरवर.

कार्बोरेटर मला बिस्किटाच्या डब्यातून मिळाला, पूर्ण सुटा, ना फोटो ना काही. किट आणून गॅस्केट, ॲक्सिलरेटर पंपाचा (रेस देताना जास्तीचं पेट्रोल मारतो तो) डायफ्राम, नीडल व्हॉल्व्ह बदलले, बॉडी स्वच्छ केली. थ्रॉटलचा शाफ्ट, लिव्हर, पंपाचा रॉड हे सगळं पुस्तकातलं चित्र बघून जोडलं पण चित्रात सगळं एकावर एक दिसतं त्यामुळे कुठला वायसर कुठल्या बाजूला हे नीट कळत नाही. डब्यात अजून उरलंय ते असं: एक लांब, बारीक तारेची दाबाची स्प्रिंग, एक पत्र्याची टोपी जिच्या टोकाला भोक आहे, आणि एक अगदी छोटी स्प्रिंग एका वायसरसकट.

गाडी चालू होते, आवाज गोड आहे, पण पेडल सोडलं की रेस पूर्ण खाली येत नाही, मध्येच कुठेतरी थांबते. मागे जाऊन हाताने लिव्हर ढकलला की येते. आणि सकाळी पहिल्यांदा चालू केली की रेस चढते ती बराच वेळ उतरतच नाही. मेस्त म्हणतो की स्लोचा (पेडल सोडल्यावर राहते त्या कमीत कमी रेसचा) स्क्रू मागे घे, घेतला तर मग सिग्नलला बंद पडते.

चवथ जवळ आली. पूर्वी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात तिचं, सामान फोंड्याच्या बाजारातून याच गाडीतून यायचं, काकीची इच्छा आहे की यंदा तसंच यावं. कोणी या कार्बोरेटरवर हात फिरवला असेल तर सविस्तर सांगा, घाई नाही पण काम चुकीचं करायचं नाहीये.

म्हापशाचो_मेस्त:

बाब, कार्बोरेटरवर जागा शोधू नका, तुमची लांब स्प्रिंग आणि टोपी कार्बोरेटरची नाहीच. ती केबलची आहे. म्हणूनच रेस परत येत नाही, कारण लिव्हरला मागे ढकलायचं काम त्या स्प्रिंगचं आणि ती तुमच्या डब्यात पडलीय.

बीटलमध्ये पेडल पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे रेसची केबल मधल्या बोगद्यातून, म्हणजे टनेलमधून, नळीतून मागे येते, गिअरबॉक्सच्या वरून इंजिनच्या पुढच्या पत्र्यातून आत शिरते, आणि फॅन हाऊसिंगच्या, म्हणजे पंख्याच्या पत्र्याच्या घराच्या, आरपार एक पातळ लोखंडी गाइड ट्यूब आहे तिच्यातून निघून कार्बोरेटरच्या लिव्हरपाशी येते. ट्यूबचं टोक फॅन हाऊसिंगच्या मागे बाहेर डोकावतं. त्या टोकावर आधी लांब स्प्रिंग चढवायची, स्प्रिंगवर टोपी, टोपीच्या भोकातून केबलचं टोक बाहेर काढायचं आणि मग ते टोक लिव्हरच्या पिनमध्ये जायला पाहिजे. स्प्रिंग टोपीला मागे ढकलते, टोपी लिव्हरला, आणि बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलच्या शाफ्टवरची हवेची वाट उघडझाक करणारी चकती, बंद. पेडल दाबलं की केबल लिव्हरला पुढे ओढते आणि स्प्रिंग दबते. एवढा साधा हिशोब आहे. ती स्प्रिंग नसेल तर लिव्हर परत आणायला जोर कुठून येणार, पेडलचं वजन उलट केबल ओढूनच धरतं.

स्प्रिंग चढवताना दोन बोटांनी टोपी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने केबल पिनमध्ये घालून स्क्रू आवळायचा, एकट्याने केलं तर हात दुखतो, मेस्ताला बोलवा. आणि ट्यूब हाऊसिंगमध्ये पूर्ण बसलीय ना ते बघा, इंजिन बाहेर काढून परत बसवलेल्या गाड्यांत ती सरकलेली असते, मग केबल पत्र्याच्या कडेवर घासते आणि एक एक तार तुटत जाते.

आता ती पिन. लिव्हरमध्ये एक छोटी गोल पिन असते, तिच्यात केबलसाठी आडवं भोक आणि वरून स्क्रू. ही पिन लिव्हरच्या भोकात सहज फिरली पाहिजे. लिव्हर गोल फिरतो आणि केबल सरळ येते, मधला कोन पिन फिरून सांभाळते. पिन जाम असेल तर प्रत्येक वेळी केबल त्याच जागी वाकते आणि एक दिवस घाटात तुटते. बारीक पॉलिश पेपर मारा, तेलाचा एक थेंब, बस. स्क्रू पण माणसासारखा आवळायचा, जीव काढून आवळला तर केबलच्या तारा कापतो.

केबलचं माप असं घ्यायचं. इंजिन बंद, कोणीतरी पुढे बसून पेडल फ्लोअरपर्यंत पूर्ण दाबून धरायचं. मागे तुम्ही लिव्हर बघा. बटरफ्लाय पूर्ण उघडा, आणि लिव्हर व बॉडीवरचा स्टॉप यांच्यात साधारण १ मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. फट नसेल तर पाय पूर्ण दाबला की सगळा जोर केबलवर आणि शाफ्टवर येतो, कारण स्टॉप आधी लागतो आणि पाय थांबत नाही. फट जास्त असेल तर चढावाला दम कमी पडतो. पेडल सोडल्यावर केबल किंचित ढिली, ताणलेली नको.

केबल काढलीच आहे तर पूर्ण बाहेर काढून ग्रीस लावून परत घाला. आपल्याकडच्या पावसात नळीत पाणी जातं आणि आत गंज धरतो, मागच्या बाजूचं रबर बूट फाटलेलं असेल तर नवीनच घाला. केबल कोरडी असेल तर वर सांगितलेली स्प्रिंग लावूनही रेस अडकणार.

छोटी स्प्रिंग पंपाच्या रॉडची. ती मडगावचे बाब सांगतील, ते या कामात माझ्यापेक्षा बारीक बघतात.

मडगाव_एअरकूल्ड:

मेस्तांनी केबलचं सांगितलंय त्यात भर घालायला काही नाही. मी कार्बोरेटरवर येतो.

छोटी स्प्रिंग ॲक्सिलरेटर पंपाची. थ्रॉटलच्या शाफ्टवरून एक जोड-रॉड पंपाच्या लिव्हरला जातो. रॉडवर वायसर, मग ती छोटी स्प्रिंग, मग पंपाचा लिव्हर, आणि बाहेरून परत वायसर आणि स्प्लिट पिन. म्हणजे तुम्ही रेस दिलीत की रॉड थेट लिव्हरला न ठोकता स्प्रिंगमधून दाबतो, त्यामुळे पेट्रोल एका झटक्यात न जाता क्षणभर टिकून जातं. स्प्रिंग नसेल तर पंप उशिरा दाबला जातो, मग पेडल दाबल्याबरोबर गाडी आधी खोकते आणि मग उचलते. तुमच्याकडे असं होतंय का ते लिहिलं नाहीत पण होत असणार. रॉडवर स्प्लिट पिनची भोकं एकापेक्षा जास्त असतात, त्यावर पंप किती पेट्रोल मारणार ते ठरतं, आधी जुन्या पिनची खूण ज्या भोकाला घासलेली दिसते तिथेच लावा.

तपासायचं असं: एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून टॉर्चने आत बघत लिव्हर हळूच हलवा. लिव्हर हलल्याक्षणी बारीक धार सुटली पाहिजे, आणि ती भिंतीवर न आपटता खाली घशात सरळ जायला हवी. धार उशिरा आली तर लिंकेजमध्ये ढिल आहे.

आता सकाळच्या रेसचं. २८ पिक्टला ऑटोमॅटिक चोक आहे, म्हणजे थंड इंजिनसाठी वरून हवा कमी करणारी फ्लॅप आपोआप मिटते-उघडते. चोकच्या शाफ्टच्या एका बाजूला गोल सिरॅमिकचा चोक एलिमेंट, आत बायमेटल स्प्रिंग (तापली की वळणारी), दुसऱ्या बाजूला पायऱ्यांचा कॅम, देवळाच्या तळीला असतात तशा पायऱ्या. थ्रॉटल लिव्हरवरचा स्लोचा स्क्रू या पायऱ्यांवर टेकतो. इंजिन थंड असताना स्क्रू वरच्या पायरीवर, म्हणून रेस जास्त. एलिमेंटला करंट मिळून तो तापला की चोक उघडतो, कॅम फिरतो, स्क्रू एकेक पायरी खाली येतो आणि शेवटी सगळ्यात खालच्या पायरीवर, तेव्हाच खरी स्लो. तुमचा मेस्त जर स्क्रू वरच्या पायरीवर असतानाच तो मागे घेत असेल तर गाडी गरम झाल्यावर बंद पडणारच, त्यात स्क्रूचा दोष नाही.

म्हणून स्लो सेट करायची ती इंजिन पूर्ण तापल्यावर, चोकची फ्लॅप उभी उघडी आहे आणि स्क्रू खालच्या पायरीवर आहे हे डोळ्यांनी बघून. आधी मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, दाबून नाही कारण सुईचं टोक दबतं, मग साधारण दीड आटा बाहेर. मग स्लो, मग मिक्स्चरने इंजिन सगळ्यात गुळगुळीत कुठे चालतंय ते कानाने शोधा, परत स्लो.

चोक एलिमेंट बसवताना बायमेटलचा आकडा आतल्या लिव्हरमध्ये अडकलाय ना ते बघा. तो बाहेर राहिला तर चोक स्वतःहून काहीच करत नाही. अडकवून मग एलिमेंटवरची खूण बॉडीवरच्या मधल्या खुणेला लावायची आणि तीन स्क्रू आवळायचे.

कोल्हापूर_लेथ:

कार्बोरेटरचं मशीन काम आमच्याकडे बरंच येतं म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, शाफ्ट. थ्रॉटलचा शाफ्ट पोलादी आणि बॉडी मॅझाकची म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची, मऊ. साठ वर्षांत शाफ्ट बॉडीची भोकं लांबट करून टाकतो. लिव्हर धरून शाफ्ट वर-खाली हलवून बघा, डोळ्याला प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसला तर तिथून फुकटची हवा आत जाणार, मिश्रण पातळ होणार आणि स्लो कधीच स्थिर राहणार नाही, इंजिन वर-खाली करत राहणार. शिवाय शाफ्ट तिरका होऊन बटरफ्लाय कडेला अडकते आणि रेस अडकल्यासारखी वाटते, माणूस केबल बदलत बसतो. अशा बॉडीला ब्राँझचे बुश मारून रीमर फिरवला की पुढच्या पिढीपर्यंत बघायला नको.

दुसरी, बटरफ्लाय. पुस्तकातलं चित्र बघून जोडलंय म्हणताय तर ही तपासाच. बटरफ्लायची कड दोन बाजूंनी तिरकी घासलेली असते, ती एकाच दिशेने नीट बसते. उलटी बसली तर पूर्ण बंद होत नाही. तिचे दोन स्क्रू आधी सैल ठेवायचे, थ्रॉटल बंद करून दोन-चारदा टचकन सोडायचा म्हणजे बटरफ्लाय स्वतःची जागा धरते, मग हळूहळू आवळायचे. मग बॉडी उजेडाकडे धरून बघा, सगळीकडून सारखी बारीक रेघ दिसली पाहिजे, एका बाजूला चंद्रकोर दिसली तर परत सैल करा. स्क्रूची टोकं मागून ठोकून पसरवलेली असतात ती उगीच नाही, तो स्क्रू सुटला तर सरळ सिलेंडरमध्ये जातो. एकदा काढलेले स्क्रू परत वापरू नका, नवीन घाला, थ्रेड लॉक लावा आणि टोक पसरवा, ठोकताना शाफ्टला खालून आधार द्या नाहीतर शाफ्ट वाकेल.

आणि शाफ्टच्या टोकाचा नट आवळल्यावर केबल न लावता लिव्हर पूर्ण उघडून सोडा. कुठेही न अडकता फिरला पाहिजे. तिथे अडकला तर वायसरची जागा चुकलीय किंवा नट जास्त आवळलाय. हे टेबलावरच बघायचं, गाडीवर चढवल्यावर नाही.

कुडाळचो_भाचो:

माझ्याकडे ६३ ची आहे. मी लिव्हरला एक जास्तीची ओढणारी स्प्रिंग लावलीय, फॅन हाऊसिंगच्या बाजूला आकडा करून. केबलवरची स्प्रिंग तुटली तरी रेस बंद होते म्हणजे निश्चिंत. सगळ्यांनी लावावी असं माझं मत.

म्हापशाचो_मेस्त:

भाचो, तुझा हेतू बरा आहे पण मी लावत नाही. जास्तीची स्प्रिंग लिव्हरला एका बाजूला ओढते आणि कोल्हापूरकरांनी सांगितलेलं भोक दुप्पट वेगाने लांबट होतं. पेडल जड झालं की पायाला स्लो हळुवार देता येत नाही, फोंड्यात संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ते त्रासाचं होतं. केबल तेलात, पिन मोकळी, ओरिजिनल स्प्रिंग नवी असेल तर एवढी पुरते. आणि पेडलच्या खाली कार्पेट सरकून अडकत नाही ना हे पण बघत जा सगळ्यांनी, त्याने रेस अडकते आणि दोष कार्बोरेटरवर जातो.

कुडाळचो_भाचो:

लावायचीच असेल तर मग केबल ज्या रेषेत येते त्याच रेषेत मागे ओढेल अशी लावायची, तिरकी नाही. माझी तशी आहे. शाफ्टला प्ले नाही अजून. पण तुमचं म्हणणं पटतंय की आधी ओरिजिनल नीट करावी.

फोंडेकर६१:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी पाऊस थांबला तेव्हा मेस्ताला घेऊन बसलो. गाइड ट्यूब खरंच हाऊसिंगमध्ये पूर्ण बसलेली नव्हती, आत ढकलली, केबल पूर्ण बाहेर काढली तर मधला हातभर भाग गंजून खरखरीत झालेला, ती परत घातलीच नाही, नवीन मागवलीय. तोवर स्प्रिंग आणि टोपी जागेवर बसवून हाताने लिव्हर फिरवून बघितला, सोडला की टक करून परत येतो, त्या आवाजाने काका आतून बाहेर आले.

शाफ्टला प्ले आहे पण फार थोडा, बाहेरून हलवल्यावर जाणवतो डोळ्याला दिसत नाही. याला आत्ता बुश मारावा का? बटरफ्लाय बरोबर बसलीय, उजेडात बघितली, रेघ सारखी आहे. स्क्रू मात्र जुनेच होते, ते काढून नवीन घालणार. पंपाची छोटी स्प्रिंग लावली, धार लगेच सुटते.

एक नवीन गोष्ट कळली. चोक एलिमेंटच्या कडेला बारीक अक्षरात १२ व्होल्ट लिहिलंय. गाडी ६ व्होल्टची. बहुतेक त्या गाराजात कधीतरी बदलला असणार. सकाळी रेस न उतरण्याचं कारण हेच का?

मडगाव_एअरकूल्ड:

हेच. १२ व्होल्टचा एलिमेंट ६ व्होल्टवर चालवला की त्याला मिळते ती उष्णता एक चतुर्थांशच, कारण व्होल्ट निम्मे झाले की पॉवर चौथाई होते. म्हणून तो तापायला खूप वेळ घेतो, चोक अर्धवट मिटलेला राहतो, स्क्रू वरच्या पायरीवर, आणि इंजिन पेट्रोल पीत राहतं. प्लग काळे झाले असतील, काढून पुसा. ६ व्होल्टचा एलिमेंट मागवा. त्याला करंट इग्निशन कॉइलच्या १५ नंबरच्या टर्मिनलवरून येतो, म्हणजे किल्ली लावल्यावरच, ती वायर आणि तिचं टोक पण स्वच्छ करा कारण ६ व्होल्टमध्ये गंजलेला एक जॉइंट पण पुष्कळ व्होल्ट खातो.

आणि सकाळी सुरू करण्याआधी पेडल एकदा पूर्ण दाबून सोडायचं. तेव्हाच कॅम मोकळा होऊन चोक मिटतो. हे काकांना माहीत असणार.

कोल्हापूर_लेथ:

प्ले डोळ्याला दिसत नसेल तर आत्ता बुश नको. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांवर कार्बोरेटर क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा. आवाज बदलला तर हवा ओढतोय, तर मग पावसाळ्यानंतर खोलून पाठवा. नाही बदलला तर सोडून द्या. फवारा मारताना एक्झॉस्टपासून लांब, आणि शेजारी आग विझवायचा सिलेंडर ठेवा.

तेवढंच झाकण बघा. वरच्या झाकणात पेट्रोलची पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते, जुन्या कार्बोरेटरमध्ये ती ढिली होऊन निघून येते आणि पेट्रोल सरळ गरम इंजिनवर. नळी हाताने फिरते का बघा. फिरत असेल तर गाडी चालू करू नका, आधी ती घट्ट करून घ्या. आता पेट्रोल पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं, त्याने जुने रबर पाइप लवकर कडक होऊन तडकतात, नवीन लाइन टाकलीय म्हणालात तर ती इथेनॉल चालणारीच आहे ना ते दुकानदाराला विचारा.

फोंडेकर६१:

नळी फिरते. थोडीशी, पण फिरते. गाडी बंद ठेवलीय, झाकण काढून उद्या पाठवतो तुमच्याकडे, पत्ता खासगी मेसेजमध्ये द्या.

कोल्हापूर_लेथ:

दिला. झाकण एकटंच पाठवा, फ्लोट आणि नीडल काढून, गॅस्केट नको. पाकिटात पेट्रोलचा वास पण राहता कामा नये, कुरिअरवाले घेत नाहीत.

म्हापशाचो_मेस्त:

केबल घेताना पिनचं भोक आणि केबलचं टोक जुळतंय ना बघ, काही नवीन केबलचं टोक जाड येतं. पिन जुनीच वापर, नवीन पिना ढिल्या बसतात. झाकण परत आलं की केबल लावायच्या आधी एक मेसेज टाक, शुक्रवारी बाजाराला मी म्हापशात असतोच पण शनिवारी फोंड्याला येणं आहे, पेडल दाबायला माणूस लागेल तेव्हा मी येतो.